बॉनेटपासून कानापर्यंत

बारा व्होल्टमध्ये आवाज मावतो तरी किती?

उत्तर गाडीच्या डेकच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं: ५० वॅट गुणिले ४. चार स्पीकर, प्रत्येकाला पन्नास वॅट. गंमत अशी, की कुठल्याही कंपनीचा डेक उचला, आकडा बहुधा पन्नासच्याच घरातला. एरवी एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या या कंपन्यांचं याच एका बाबतीत एकमत कसं?

कागद-पेन्सिल घ्या. बॅटरी बारा व्होल्टची म्हणत असले, तरी इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तिला चार्ज करू लागतो आणि गाडीतला दाब १४.४ व्होल्टच्या आसपास चढतो. स्पीकरचा रोध ४ ओहम. आता शाळेतलं सूत्र लावा: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १४.४ गुणिले १४.४, भागिले ४. उत्तर ५१.८४!

तो आकडा कुठल्या इंजिनिअरची कमाई नाहीच. बॅटरीनं आखून दिलेली ती लक्ष्मणरेषा आहे. आणि तीही केव्हा गाठता येईल? डेकनं स्पीकर थेट बॅटरीला जोडला, मग उलटा जोडला, मग पुन्हा सुलटा, आणि हेच करत राहिला तर. त्यातून जे ऐकू येईल त्याला कुणी गाणं म्हणणार नाही. स्वच्छ, गोलाईदार सुरासाठी याच्या निम्मीच ताकद उरते, त्यातून चिपमधली घट वजा जाते आणि हाती लागतात अठरा-वीस वॅट. घरातले स्पीकर बहुधा ८ ओहमचे असतात आणि गाडीतले ४ ओहमचे, त्याचंही कारण हेच. व्होल्ट वाढवता येत नाहीत ना, मग रोध तरी कमी करा.

आता आपली गाडी ठरवू. मुंबईतल्या भोईवाड्यात, केईएम रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, एखाद्या जुन्या इमारतीखाली उभी असलेली छोटी हॅचबॅक. डिकीत सीएनजीची टाकी, मालकाला गाण्याचं वेड. दुकानात जाऊन ‘काहीतरी चांगलं बसवा’ म्हणण्याआधी त्याला कागदावर गाडीचा नकाशा काढायचाय: कुठली वस्तू कुठे बसेल आणि कुठली वायर कुठून जाईल. आपणही त्याच्या शेजारी बसू.

पन्नासच्या रेषेपलीकडे जायचं तर व्होल्ट वाढवावे लागतात, आणि अँप्लिफायरचं पहिलं काम तेच असतं. पण वाढवायचे कसे? दाब चढवतो तो ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मरला बॅटरीचा संथ, एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह कळतच नाही. त्याला सतत बदलतं काहीतरी लागतं. म्हणून अँपमधले ट्रान्झिस्टर त्या बारा व्होल्टला सेकंदाला पन्नास हजार ते लाखभर वेळा तोडतात-जोडतात. तोडलेला प्रवाह तांब्याची तार गुंडाळलेल्या एका कड्यातून जातो, दाब चढतो, मग तो पुन्हा सपाट केला जातो आणि स्पीकरला हाकायला अधिक तीस आणि उणे तीस व्होल्ट तयार होतात. गाणं अजून सुरूही झालेलं नाही, आणि त्या पत्र्याच्या डबीत सेकंदाला लाखभर घडामोडी!

ही युक्ती जवळजवळ गाडीतल्या रेडिओइतकीच जुनी आहे. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला. तेव्हाच्या व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी असे अवघी सहा व्होल्टची. सुरुवातीला त्यासाठी गाडीत वेगळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. थोड्याच वर्षांत ‘व्हायब्रेटर’ आला: सेकंदाला शंभरेक वेळा थरथरणारी एक पोलादी पट्टी, जी प्रवाह तोडायची आणि जोडायची. आजच्या अँपमध्ये तेच चाललंय, फक्त पट्टी गेली आणि थरथर हजारपट वेगवान झाली.

आता खरी किंमत मोजायची वेळ. समजा, चारही स्पीकर आणि खोल बाससाठी एक वूफर मिळून अँप ५०० वॅट देणार आहे. घरातला ५०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर दोन-सव्वादोन अँपिअर ओढतो. आपला अँप? चांगल्यातला चांगला डिजिटल जातीचा अँपसुद्धा आत आलेल्या शंभर वॅटमधले वीसेक वॅट उष्णतेत घालवतो. म्हणजे बॅटरीकडून मागायचे ६२५ वॅट. भागिले १३.८ व्होल्ट: ४५ अँपिअर. मिक्सरच्या वीसपट! व्होल्ट कमी असले की अँपिअर वाढतात, आणि वायर तापते ती अँपिअरमुळे. तीही अँपिअरच्या वर्गाच्या हिशेबानं.

गाडीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास. पण वायर सरळ रेषेत थोडीच जाते? बॅटरीपासून इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापर्यंत, म्हणजे फायरवॉलपर्यंत, तिथल्या रबरी ग्रोमेटमधून आत, खाली उतरून दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखालून मागे, मग वर चढून अँपपर्यंत. नकाशावर दोरा ठेवून मोजलं तर पाच मीटर सहज भरतात.

या पाच मीटरना घरगुती वायरिंगची ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली तर? ४५ अँपिअरला तिच्यात जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जिरतो आणि कार्पेटखाली ४३ वॅट नुसती उष्णता निघत राहते. तीच २१ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट येते ०.१८ व्होल्टवर आणि उष्णता आठ वॅटवर. दुकानात ही जाड वायर ‘चार नंबर’ म्हणून मिळते. तिच्याहून बारीक असते ती ‘आठ नंबर’. नंबर वाढला की वायर बारीक, हा उलटा न्याय कुठला? तार बनवताना तांब्याची जाड कांब एकाहून एक लहान भोकांतून ओढत नेतात. जितक्या वेळा ओढावी, तितकी ती बारीक होते. गेजचे आकडे त्या ओढण्यांच्या हिशेबातून आले. मग त्यात एक नितांत सुंदर हिशेब बसवला गेला: दर तीन नंबरांना तारेचं क्षेत्रफळ निम्मं होतं आणि दर सहा नंबरांना जाडी निम्मी.

इथेच एक सूचना. बाजारात ‘फोर गेज किट’ या नावाखाली पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम विकलं जातं. तांब्याच्या तुलनेत त्याची वाहकता साधारण ६५ टक्केच. एक बारीक तार ब्लेडनं खरवडून पाहा. आत पांढुरकी निघाली तर तांब्याच्या हिशेबाहून दीडपट क्षेत्रफळाची वायर घ्या किंवा सरळ लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन अस्सल तांबं मागा.

पण दुकानदार ज्या कारणासाठी जाड वायर गळ्यात मारतो, ते कारण मात्र खरं नाही. ‘आवाज वाढेल’ म्हणतो तो. एक व्होल्ट वाटेत गेला तर अँपची ताकद फार तर चौदा टक्क्यांनी घटेल, आणि आपल्या कानाला चौदा टक्के कळतच नाहीत! कान हे मोठं अजब यंत्र आहे. ताकद दुप्पट केली तर त्याला ‘जरासा वाढला’ एवढंच जाणवतं. आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट करावी लागते. पान हलल्याच्या सळसळीपासून लालबागच्या मिरवणुकीतल्या ढोलापर्यंत सगळं एकाच कानात मावायचं, तर दुसरी सोय नव्हती. जाड वायर हवी ती आवाजासाठी नव्हे. ती गार राहते आणि ढोलाचा ठोका पडला की दाब कोसळू देत नाही, म्हणून हवी.

ढोलाचा ठोका! तोच आपल्याला वाचवतो. कारण गाणं सतत पूर्ण ताकद मागत नाही. ठोका पडतो तेव्हा क्षणभर ४५ अँपिअर, मग पुढच्या ठोक्यापर्यंत पाच-दहा. सरासरी पूर्ण ताकदीच्या बरीच खाली राहते, म्हणून छोट्या गाडीचा अल्टरनेटर हे सगळं निभावून नेतो. इंजिन बंद करून ऐकत बसलात तर मात्र छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला सकाळी धक्का मारायची तयारी ठेवा.

आता नकाशावरची सर्वांत छोटी वस्तू: फ्यूज. तो कशाला वाचवतो? दहातले नऊ जण म्हणतील, अँपला. अँपचा स्वतःचा फ्यूज अँपवरच असतो. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज असतो तो त्या पाच मीटर वायरच्या रक्षणाला. विचार करा: गाडी बंद आहे, किल्ली खिशात आहे, तुम्ही चौथ्या मजल्यावर झोपलाय. तरी ती वायर जिवंत असते, चोवीस तास. फायरवॉलच्या पत्र्याच्या धारेनं तिचं आवरण कधीतरी कापलं, तांबं पत्र्याला टेकलं, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. जी बॅटरी स्टार्टरला शंभर-दीडशे अँपिअर सहज देते, तिला तांब्याची वायर लाल करायला कितीसा वेळ? म्हणून फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतरात, ४५ सेंटिमीटरच्या आतच हवा. का? फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या तुकड्याला कुणीच वाली नसतो. तो तुकडा जितका लहान, तितका धोका लहान. आणि फ्यूजचा आकडा ठरतो वायरच्या कुवतीवर. वायर बारीक आणि फ्यूज शंभराचा, अशी जोडी म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी.

लाल वायर मागे पोचली. पण वीज पोचून थांबत नाही, तिला बॅटरीकडे परत यावं लागतं. मग परतीची वायर कुठाय?

तुम्ही तिच्यात बसलाय.

गाडीचा अख्खा पत्रा हीच परतीची वाट. बॅटरीचं उणे टोक पत्र्याला जोडलेलं असतं आणि हेडलाइटपासून हॉर्नपर्यंत बहुतेक सगळ्यांचा प्रवाह त्या पत्र्यातून घरी येतो. पण पोलाद तर तांब्याहून सातआठ पट वाईट वाहक! मग हे चालतं कसं? रुंदीमुळे. पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटर जाड, पण रुंदी मीटरभर धरली तरी छेदाचं क्षेत्रफळ भरतं ७०० चौरस मिलिमीटर. आठानं भागा: तांब्याच्या जवळपास ९० चौरस मिलिमीटर वायरच्या तोडीचं. एवढी जाड वायर विकत घ्यायला गेलात तर खिसा हलका होईल, आणि ती गाडीबरोबर फुकट आलीय.

अट एकच. त्या पत्र्याला खरोखर टेकायला हवं. रंग हा विजेचा शत्रू. म्हणून अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करायचा, वायरच्या टोकाला थिंबल दाबून बसवायची, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा आणि वरून ग्रीस किंवा रंग फासायचा. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे शेवटचं विसरलात तर पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज असेल. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग देऊन मोकळं होणारे कारागीर असतात. त्यांना नम्रपणे थांबवा. त्या बोल्टवर तुमचा जीव टांगलेला असतो. आणि नवीन भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा. सीएनजीची नळी तिथूनच जाते आणि टाकी भरली की तिच्यात २०० बारचा दाब असतो, हवेच्या दाबाच्या दोनशेपट. एक चुकार स्क्रू पुरतो.

सगळं जोडलं, गाडी सुरू केली, गाणं लावलं, आणि गाण्यामागून एक बारीक रडका सूर यायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो. गाडी गायला लागली की काय?

खरंच गायला लागलीय. बॉनेटखालच्या अल्टरनेटरमध्ये फिरणाऱ्या चुंबकाच्या बहुधा सहा जोड्या असतात आणि तारेची तीन वेटोळी. त्यातून निघणारी वीज सहा डायोड सरळ करतात. एका फेरीत छत्तीस बारीक लाटा उरतात. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या घेतं, अल्टरनेटर पट्ट्याच्या गुणोत्तरामुळे त्याच्या अडीचपट, म्हणजे २०००. सेकंदाला तेहतीस फेऱ्या, गुणिले छत्तीस: १२०० हर्ट्झ! इंजिन ३००० वर नेलं तर ४५००. माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात अल्टरनेटर आलापी करतोय. एवढा दुर्दैवी योग जुळवून आणायला गाडी बनवणाऱ्यांना मुद्दाम सांगूनही जमलं नसतं.

पण हा सूर गाण्यात घुसतो कुठून? इथे भोईवाड्याशेजारचा, पावसात तुंबणारा हिंदमाता चौक आठवा. कोरड्या दिवशी भोईवाड्यातून हिंदमाताकडे चालत जा, रस्ता सपाटच वाटतो. जुलैतली एक जोरदार सर पडू दे, आणि कळतं की एक जागा दुसरीपेक्षा खोलगट होती. गाडीच्या पत्र्याचंही तसंच. डॅशबोर्डमागचा बोल्ट आणि मागच्या सीटखालचा बोल्ट, दोन्ही ‘शून्य व्होल्ट’ म्हणवतात. पण मधल्या अडीच मीटर पत्र्यातून ४५ अँपिअर वाहू लागले की त्यांच्यात वीसेक मिलिव्होल्टचा उतार तयार होतो. डेक आपलं शून्य पुढच्या बोल्टवरून मोजतो, अँप मागच्या. डेककडून अँपकडे जाणाऱ्या सिग्नल वायरची जाळी त्या दोघांना जोडते, आणि उतार मिळाला की प्रवाह त्या नाजूक जाळीतूनही वाहणारच. त्यावर स्वार होऊन अल्टरनेटरच्या लाटा येतात. दोन व्होल्टच्या सिग्नलपुढे वीस मिलिव्होल्ट म्हणजे शंभरातला एक भाग. पण आपण आत्ताच पाहिलं ना, कान दहापट आणि शंभरपटीची भाषा बोलतो. त्याला शंभरातला एक भाग आरामात ऐकू येतो.

म्हणून जाणता कारागीर सांगतो: पॉवरची वायर एका उंबऱ्यातून, सिग्नलची दुसऱ्या. जिथे एकमेकींना ओलांडायचंच असेल तिथे काटकोनात ओलांडू द्या, कारण समांतर धावणाऱ्या वायरींमध्ये चुंबकीय देवघेव जास्त होते आणि काटकोनात जवळपास शून्य. सल्ला योग्यच आहे. माझं मत विचाराल तर त्या रडक्या सुराचा खरा गुन्हेगार दहातल्या आठ वेळा अर्थिंग असतो आणि शिक्षा मात्र बिचाऱ्या वायरीला होते. आधी बोल्टखालचा रंग पाहा.

नव्या गाड्यांमध्ये आणखी एक पेच असतो. डेक काढताच येत नाही. कॅमेऱ्यापासून घड्याळापर्यंत सगळं त्या एका पडद्यात. मग कंपनीच्या स्पीकर वायरीतूनच सिग्नल उचलायचा, तोही वायर न कापता, ‘कपलर टू कपलर’, म्हणजे वॉरंटीवाल्यांना तोंड दाखवता येतं. आता अँपला कळायचं कसं, की डेक चालू झाला? इथे त्या पहिल्या गणिताचा पाहुणा परत येतो. डेकची चिप स्पीकरला उलटसुलट हाकते, त्यासाठी ती दोन्ही वायरींना बॅटरीच्या बरोबर मध्यावर, सहा-सात व्होल्टवर धरून ठेवते. दोन्हीकडे सारखेच, म्हणून स्पीकरला काही जाणवत नाही. पण अँप ते सात व्होल्ट हुंगतो आणि स्वतःहून जागा होतो. एकही जास्तीची वायर नाही!

आता जागा. अँपला चार गोष्टी हव्यात: वारा, कोरडेपणा, जवळचा पत्रा आणि वायरींचं कमी अंतर. समोरच्या सीटखाली चारातल्या तीन मिळतात आणि दुकानदाराला तीच जागा आवडते, कारण काम झटपट उरकतं. पण आपली गाडी भोईवाड्यातली आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या शहरात, आणि त्यातही हिंदमाताच्या शेजारी. महापालिकेनं परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादर पश्चिमेच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली पावसाचं पाणी साठवायला टाक्या बांधल्या, त्या याच सखल भागासाठी. पाणी गाडीत शिरतं ते आधी पायाखालच्या कार्पेटवर, म्हणजे नेमकं सीटखालच्या अँपमध्ये. तेव्हा आपल्या मालकानं अँप मागच्या सीटच्या पाठीवर, प्लायवूडच्या फळीवर चढवावा. फळीमुळे अँपचा डबा पत्र्यापासून सुटा राहतो आणि अर्थिंगची दुसरी चोरवाट उघडत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात तर चुकूनही नको. गाडीत झिरपलेलं पाणी शेवटी तिथेच जमतं.

आणि दारं? तुमची समजूत असेल, की काचेचं रबर पावसाचं पाणी बाहेरच अडवतं. अडवत नाही! ते काच फक्त पुसतं. उरलेलं पाणी काचेवरून ओघळत सरळ दाराच्या पोटात जातं आणि तळाच्या फटींतून रस्त्यावर पडतं. प्रत्येक पावसात तुमच्या स्पीकरच्या पाठीमागे छोटी धार वाहत असते. म्हणून स्पीकरवर पाणी उडवून लावणारी टोपी हवी आणि तळाच्या फटी मोकळ्या हव्यात. पत्र्याची थरथर दाबणारी डॅम्पिंगची शीट चिकटवताना उत्साहाच्या भरात त्या बुजवल्या, तर दाराचं पिंप होतं.

ती शीट मात्र सगळ्या खर्चातला सर्वांत शहाणा खर्च. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि पाठीमागची विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यातून ही दाबलेली आणि विरळ हवा एकमेकींना भेटते आणि दोघी मिळून शून्य होतात. निम्मा बास जन्मतःच संपला! ॲल्युमिनियमची पाठ असलेली रबरी शीट लावून भोकं बंद करा, आणि तोच स्पीकर, त्याच अठरा वॅटवर, वेगळ्या जातीचा वाटायला लागतो. आधी डॅम्पिंग, मग स्पीकर आणि पैसे उरले तर अँप, हा माझा क्रम. दुकानातला क्रम नेमका उलटा असतो.

बारीक सुरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, वर, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात. का? मुंबईच्या उकाड्यात आवाज सेकंदाला ३५० मीटर धावतो. दहा हजार हर्ट्झच्या सुराची एक लाट मग भरते साडेतीन सेंटिमीटर, आणि चाळीस हर्ट्झची पावणेनऊ मीटर, दोन गाड्यांहून लांब! छोटी लाट टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाते. दारात गुडघ्याजवळ सोडली तर गुडघ्यालाच ऐकू येईल. मोठी लाट कुठूनही सोडा, सगळीकडे पोचते. पुढच्या खांबावर ट्विटर बसवायचा मोह आवरा, कारण पडदा-एअरबॅग असेल तर ती तिथूनच उघडते. सीटखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्याही एअरबॅगच्याच. हात लावायचा नाही.

आता सर्वांत मोठा चमत्कार, आणि तो गाडीत नाही, डोक्यात आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर कानापासून समजा ९० सेंटिमीटरवर, डावा दीड मीटरवर. फरक ६० सेंटिमीटर. आवाजाला एवढं कापायला लागतात १.७ मिलिसेकंद. कोण मोजतंय? तुमचा मेंदू! दोन कानांत अंतर वीतभर, तेवढ्यात आवाजाला जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंद उशीर होतो, आणि त्यातलेही दहा मायक्रोसेकंद, म्हणजे साडेतीन मिलिमीटर वाटेचा फरक, मेंदू पकडतो. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञानं १९४९ साली आपल्या प्रबंधात दाखवलं, की जो आवाज आधी पोचतो, त्याचीच दिशा मेंदू खरी मानतो. नंतर येणारा थोडा मोठा असला तरी. म्हणून गाडीत गायिका नेहमी तुमच्या उजव्या गुडघ्याशी उभी राहून गाते.

तिला समोर आणायचं कसं? उजवा स्पीकर उचलून साठ सेंटिमीटर मागे नेता येत नाही. तिथे रस्ता आहे. पण त्याचा आवाज १.७ मिलिसेकंद अडवून ठेवता येतो. डीएसपी नावाची चिप हेच करते. मोजपट्टीनं प्रत्येक स्पीकरचं कानापासूनचं अंतर मोजा, दर ३५ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद या दरानं जवळच्याला थांबवा. बटण दाबलं की गायिका गुडघ्यावरून उठते आणि बॉनेटच्या वर, काचेच्या मधोमध जाऊन उभी राहते. एकही स्क्रू न हलवता! शेजारी बसलेल्याचं मात्र वाटोळं होतं, त्याला आता डावा स्पीकर आणखीच आधी ऐकू येतो. वेळ एकाच्याच कानासाठी जुळवता येते. कुणाच्या, ते घरी ठरवा.

राहिला वूफर. डिकीत टाकी, मग बसवायचा कुठे? इथे लांब लाटांची कृपा. ऐंशी हर्ट्झखालचा आवाज कुठून येतोय हे माणसाला जवळजवळ कळतच नाही, कारण चार मीटर लांबीच्या लाटेपुढे वीतभर डोकं म्हणजे काहीच नाही. म्हणून सीटखालचा चपटा वूफर चालतो. पाण्याचा धोका आहेच. त्याला काढता-घालता येणारा कपलर लावा, जून आला की फ्यूज काढून वूफर माळ्यावर.

पण एवढासा डबा खोल बास देईल? बंद डब्यातला वूफर एका हद्दीखाली दर सप्तकाला १२ डेसिबलनं खचत जातो. आणि गाडीची बंद केबिन? अडीच मीटर लांबीच्या केबिनमध्ये सत्तर हर्ट्झच्या खाली अर्धी लाटसुद्धा मावत नाही. लाट मावत नाही म्हटल्यावर वूफर सगळ्या केबिनची हवा एकसाथ दाबतो आणि सोडतो, आणि आवाज दर सप्तकाला वाढत जातो. किती? कागदावर, १२ डेसिबलनंच! एकाचा उतार, दुसऱ्याचा नेमका तेवढाच चढ. खऱ्या गाडीत पत्रा लवतो, फटी गळतात, म्हणून चढ थोडा कमी भरतो. तरीही दिवाणखान्यात ज्यासाठी कपाटाएवढा डबा लागेल, ते गाडीत सीटखालून मिळतं.

पडताळून बघायचं असेल तर गाणं चालू ठेवून काच अर्धी खाली करा. खोल बास लगेच पातळ होतो, कारण दाबलेली हवा निसटली. भोईवाड्यात काचा वर ठेवायला आणखीही एक कारण आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो: दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. इथे जवळच केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं. आणि न्यायालयही भोईवाड्यातच आहे, पोलीस ठाणंही.